वाचकांचे प्रश्न : कर्करोगाच्या रुग्णाशी बोलणे डॉक्टरांना शिकवता येते का?

कर्करोगाचे निदान झाल्यावर डॉक्टर आणि रुग्ण यांच्यात होणाऱ्या बोलण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : माझ्या आईच्या बायोप्सीचा रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी दारात उभ्या-उभ्याच ‘कॅन्सर आहे, ऑपरेशन लवकर करून घ्या’ एवढे सांगितले आणि ते पुढच्या रुग्णाकडे वळले. ते निष्णात सर्जन आहेत आणि आईचे ऑपरेशन त्यांनी उत्तम केले. पण तो क्षण आई अजून विसरलेली नाही. गोड बोलणे हा ज्याच्या-त्याच्या स्वभावाचा भाग असतो, की ते खरोखर शिकवता येते?

उत्तर : स्वभावाचा वाटा असतो, पण आपण समजतो तेवढा नाही. मुळात गोड बोलणे हा या प्रशिक्षणाचा हेतूच नाही. ‘काही काळजी करू नका, सगळे ठीक होईल’ असे हसतमुखाने सांगणारा डॉक्टरही रुग्णाला तितकाच एकटा पाडू शकतो, कारण त्या वाक्यानंतर रुग्णाला आपली काळजी बोलून दाखवायला जागाच उरत नाही. प्रशिक्षणात शिकवल्या जातात त्या अगदी ठोस गोष्टी : सांगण्याआधी रुग्णाला काय माहीत आहे ते विचारणे, एका वेळी थोडेच सांगणे, सांगितलेले कितपत पोहोचले ते पाहणे, आणि समोरचा माणूस हादरला असेल तर पुढची माहिती थांबवून आधी त्या हादऱ्याची दखल घेणे. या गोष्टी व्हिडिओत दिसतात आणि मोजता येतात, म्हणूनच त्यांचा सराव करून घेता येतो.

ब्रिटनमध्ये लेस्ली फॅलोफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३४ कर्करोग केंद्रांमधील १६० कर्करोगतज्ज्ञांवर याची रीतसर चाचणी घेतली आणि तिचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. काही डॉक्टरांना तीन दिवसांचे प्रशिक्षण दिले, काहींना त्यांच्या बोलण्याविषयी फक्त लेखी अभिप्राय दिला, काहींना दोन्ही दिले आणि काहींना काहीच दिले नाही. प्रशिक्षण घेतलेल्यांच्या बोलण्यात सहानुभूतीचे उद्गार ६९ टक्क्यांनी वाढले, नेमके प्रश्न ३४ टक्क्यांनी वाढले आणि उत्तर आधीच तोंडात घालणारे प्रश्न २४ टक्क्यांनी कमी झाले. नुसत्या लेखी अभिप्रायाने मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाही. हे सगळे अनुभवी, वरिष्ठ डॉक्टर होते, आणि संशोधकांचा निष्कर्ष असा होता की अशा डॉक्टरांच्या संवादातील अडचणी केवळ वर्षे उलटल्याने आणि अनुभव वाढल्याने सुटत नाहीत.

मला हा निष्कर्ष सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सर्जनची गाठ सैल बसली तर रक्तस्राव समोर दिसतो आणि चूक तिथल्या तिथे कळते. बोलणे चुकले तर रुग्ण मान हलवून ‘बरं, डॉक्टर’ म्हणतो आणि खोलीबाहेर जातो. तो बाहेरच्या बाकावर बसून रडतो, हे आतल्या माणसाला कधीच कळत नाही. त्यामुळे तीच पद्धत वीस वर्षे चालू राहते, आणि राऊंडला मागे उभे असलेले विद्यार्थीही तीच उचलतात. आपल्या आईच्या डॉक्टरांना हे कोणी शिकवलेच नसण्याची शक्यता फार मोठी आहे. म्हणून आईंना जे सोसावे लागले ते क्षम्य ठरत नाही, पण ते टाळता येण्याजोगे होते, हे मात्र नक्की.

प्रश्न : मी पदव्युत्तर शिक्षण घेणारा निवासी डॉक्टर आहे. वाईट बातमी सांगण्याच्या सहा पायऱ्या आम्ही पाठ केल्या आहेत आणि परीक्षेत लिहिल्याही आहेत. पण समोर रुग्ण रडू लागला की एकही पायरी आठवत नाही. मग या प्रशिक्षणवर्गांत वेगळे काय होते?

उत्तर : आपण म्हणता त्या सहा पायऱ्या वॉल्टर बेल, रॉबर्ट बकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये ‘स्पाइक्स’ या नावाने मांडल्या. शांत जागा आणि योग्य माणसे यांची तयारी, रुग्णाला काय समजले आहे ते जाणून घेणे, त्याला किती ऐकायचे आहे ते विचारणे, मग सोप्या शब्दांत माहिती देणे, भावनांना प्रतिसाद देणे आणि शेवटी पुढची दिशा ठरवणे, असा तो क्रम आहे. क्रम चांगलाच आहे. पण बहुतेक डॉक्टर चौथ्या पायरीवरून थेट सहाव्या पायरीवर उडी मारतात, आणि जे शिकायचे असते ते सगळे पाचव्या पायरीवर असते. ती पायरी वाचून येत नाही.

वर्गात साधारणपणे पाच-सहा डॉक्टर, एक प्रशिक्षक आणि रुग्णाची भूमिका करणारी प्रशिक्षित व्यक्ती असते. अशा व्यक्तींकडून भूमिका करवून घेण्याची पद्धत अमेरिकेत हॉवर्ड बॅरोज यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आणली आणि आज ती जगभर रुळली आहे. कसे चालते याची कल्पना यावी म्हणून एक नमुना देतो. भूमिका अशी की एका स्त्रीचा स्तनाचा कर्करोग उपचारांनंतर यकृतात उलटला आहे. तरुण डॉक्टर नीट सुरुवात करतो, आधी काय माहीत आहे ते विचारतो आणि मग सांगतो, “स्कॅनमध्ये आजार लिव्हरमध्ये पसरलेला दिसतो आहे.” ती म्हणते, “पण मी तर सगळ्या केमो घेतल्या होत्या.” डॉक्टर लगेच समजावू लागतो की काही पेशी औषधाला दाद देत नाहीत, आता दुसरी औषधे आहेत, ती दर तीन आठवड्यांनी द्यायची असतात. इथे प्रशिक्षक थांबवतो आणि विचारतो, “त्यांनी तुम्हाला काय विचारले?” डॉक्टर म्हणतो, “केमो का लागू पडली नाही, हे.” तेव्हा ती अभिनेत्री भूमिकेबाहेर येऊन सांगते, “मी काहीच विचारत नव्हते. तुम्ही सांगितलेले सगळे मी केले, तरी हे माझ्याच वाट्याला का, एवढेच मनात होते. औषधांची नावे सुरू झाली तेव्हापासून मला काही ऐकू येईना.”

मग तेच वाक्य पुन्हा घेतले जाते. दुसऱ्या वेळी डॉक्टर म्हणतो, “तुम्ही एकही केमो चुकवली नाही. इतके सगळे सोसल्यावर हे ऐकणे फार जड आहे.” आणि गप्प बसतो. पहिल्या दोन-तीन सेकंदांतच त्याचा हात फाइलकडे जातो. प्रशिक्षक नुसत्या खुणेने तो थांबवतो. थोड्या वेळाने ती म्हणते, “मुलीला काय सांगू?” आता त्या दिवशी नेमके कशाविषयी बोलायचे आहे, ते डॉक्टरला कळले.

या कामासाठी काही साधी वाक्ये तोंडात बसवून घेतली जातात. समोर दिसते आहे त्या भावनेचा उच्चार करायचा, रुग्णाने जे निभावले त्याची कदर करायची, आपण बरोबर आहोत असे सांगायचे, किंवा ‘याविषयी अजून सांगा’ एवढेच म्हणायचे. ‘मला तुमचे दुःख समजते’ हे वाक्य मात्र शक्यतो टाळावे, असेच मी सुचवतो. निरोगी माणसाने ते म्हटले की रुग्णाला ते पटत नाही, आणि त्यावर बोलणेही संपते.

अमेरिकेत अँथनी बॅक, रॉबर्ट अर्नोल्ड आणि जेम्स टल्स्की यांनी ‘ऑन्कोटॉक’ या निवासी वर्गांत कर्करोगशास्त्र शिकणाऱ्या डॉक्टरांना याच पद्धतीने शिकवले. आपल्या विभागात असा वर्ग नसेल तर दोन-तीन सहकाऱ्यांनी मिळून आठवड्यातला अर्धा तास काढावा, एकाने रुग्ण व्हावे, एकाने डॉक्टर आणि एकाने फक्त पाहावे. डॉक्टर अडकला की तिथेच थांबावे आणि तेवढाच तुकडा पुन्हा करावा. पूर्ण संवाद पहिल्यापासून शेवटपर्यंत वठवत बसू नये, त्यात वेळ जातो आणि हाती फार थोडे लागते.

प्रश्न : हे सगळे वाचायला बरे वाटते, पण ज्या डॉक्टरला एका ओपीडीत साठ-सत्तर रुग्ण बघायचे आहेत त्याने एवढा वेळ कुठून आणायचा?

उत्तर : गर्दी ही खरी अडचण आहे आणि तिचे सगळे ओझे एकट्या डॉक्टरच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. रुग्णसंख्या, खोल्या, मदतीला असलेल्या परिचारिका आणि समुपदेशक या गोष्टी रुग्णालय चालवणाऱ्यांच्या हातात असतात, आणि बातमी दारात उभ्याने सांगावी लागू नये ही जबाबदारी त्यांचीही आहे.

तरीही वेळेची भीती वास्तवापेक्षा मोठी असते. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलच्या विद्यापीठ रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांना सांगितले गेले की रुग्णाला सुरुवातीला अजिबात न अडवता बोलू द्या. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ३३५ रुग्ण होते. ते सरासरी ९२ सेकंद बोलले, आणि बहुतेकांचे बोलणे दोन मिनिटांच्या आत आपोआप संपले. हे रुग्ण कर्करोगाचेच होते असे नाही, पण मुद्दा लागू पडतो. दुसरा अभ्यास स्तनाच्या कर्करोगाविषयीचा आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात स्त्रियांना डॉक्टरच्या सल्लामसलतीचा व्हिडिओ दाखवला. त्याच्या एका प्रतीत आस्थेची काही वाक्ये घातली होती, जेमतेम ४० सेकंदांची. ती प्रत पाहणाऱ्या स्त्रियांची चिंता इतरांपेक्षा कमी भरली. माहिती अधिक लक्षात राहिली असे मात्र झाले नाही, म्हणून महत्त्वाच्या गोष्टी लिहूनच द्याव्यात.

प्रश्न : वडिलांना कर्करोग असल्याचे त्यांना सांगू नका, अशी विनंती आम्ही भावंडांनी डॉक्टरांना केली. त्यांनी सरळ नकार दिला नाही, पण होही म्हटले नाही. वडिलांना थेट विचारेन, असे ते म्हणाले. अशा वेळी डॉक्टरांना काय शिकवले जाते? आम्ही चुकलो का?

उत्तर : आपण प्रेमापोटी विनंती केलीत आणि आपल्या डॉक्टरांनीही योग्यच केले. एके काळी बहुतेक डॉक्टर आपल्यासारखाच विचार करत असत. १९६१ मध्ये डोनाल्ड ओकेन यांनी अमेरिकेतील २१९ डॉक्टरांना विचारले, तेव्हा सुमारे ९० टक्के डॉक्टरांचा कल रुग्णाला कर्करोगाचे निदान न सांगण्याकडे होता. १९७९ मध्ये तशीच पाहणी पुन्हा झाली तेव्हा ९७ टक्के डॉक्टरांचा कल सांगण्याकडे होता. मधल्या काळात उपचार सुधारले, रुग्णाच्या संमतीला महत्त्व आले, आणि लपवलेले सहसा लपत नाही हेही दिसून आले. केस गळतात, उलट्या होतात, घरातली माणसे दाराआड कुजबुजतात आणि रुग्ण आत आला की गप्प होतात. रुग्णाला कळलेले असते, पण आपल्याला कळले आहे हे तो घरच्यांना कळू देत नाही. अशा घरात प्रत्येक जण दुसऱ्याला जपत एकटाच झुरतो.

प्रशिक्षणात शिकवतात ते असे की, नातेवाइकांशी वाद घालू नये आणि त्यांना नियमही ऐकवू नयेत. आधी विचारावे, “सांगितले तर काय होईल अशी तुम्हाला भीती वाटते?” बहुतेक वेळा उत्तरात काहीतरी ठोस निघते : ते खचतील, जेवण सोडतील, किंवा आईच्या आजारपणात त्यांनी जे पाहिले ते त्यांना पुन्हा आठवेल. ही माहिती डॉक्टरला उपयोगी पडते, कारण वडिलांशी बोलताना नेमके काय सांभाळायचे ते त्यातून समजते. मग डॉक्टरने नातेवाइकांना दोन गोष्टींची हमी द्यावी. वडिलांवर ऐकण्याची सक्ती करणार नाही, आणि त्यांनी विचारले तर खोटे बोलणार नाही.

नंतर प्रश्न रुग्णालाच विचारायचा : “तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला काय सांगितले आहे? काही जणांना सगळे तपशील हवे असतात, काही जण म्हणतात की मुलांशी बोला. तुम्हाला कसे हवे आहे?” कित्येक जण मुलांवर सोपवतात, आणि तो त्यांचा अधिकार आहे. पण सोपवायचे की नाही हे त्यांनी ठरवायचे, त्यांच्या वतीने इतरांनी नाही. वडील विचारतील तेव्हा आपण त्यांच्याजवळ बसलेले असावे, एवढे मी सुचवेन.

प्रश्न : ‘किती दिवस आहेत?’ असे रुग्णाने विचारले तर आशा न मोडता खरे कसे सांगायचे? मी कर्करोग विभागात परिचारिका आहे आणि हा प्रश्न डॉक्टर गेल्यावर आम्हालाच विचारला जातो.

उत्तर : आपल्याला विचारला जातो, यातच कळते की डॉक्टरांसमोर तो विचारता आला नाही. म्हणून परिचारिकांनाही हे प्रशिक्षण मिळाले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

२०१२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मी नेहमी सांगतो. फुप्फुसाचा किंवा मोठ्या आतड्याचा, दूरवर पसरलेला कर्करोग असलेल्या आणि केमो घेतलेल्या ११९३ रुग्णांना विचारले होते की या केमोने आजार बरा होण्याची शक्यता किती आहे. या टप्प्यावर केमो आयुष्य लांबवते आणि त्रास कमी करते, पण आजार मुळापासून बरा होण्याची शक्यता जवळजवळ नसते. तरीही फुप्फुसाच्या ६९ टक्के आणि आतड्याच्या ८१ टक्के रुग्णांना हे नीट समजलेले नव्हते. त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की ज्यांनी आपल्या डॉक्टरच्या बोलण्याला सर्वाधिक गुण दिले, त्यांच्यातच हा गैरसमज अधिक होता. म्हणजे रुग्ण खूश झाला याचा अर्थ संवाद चांगला झाला असा होत नाही. प्रशिक्षण देणाऱ्यांनी हे सतत ध्यानात ठेवायला हवे, नाहीतर आपण डॉक्टरांना फक्त रुग्णाला बरे वाटेल असे बोलायला शिकवू.

उत्तर देण्यापूर्वी प्रश्नामागे काय आहे ते पाहायचे. “हे आजच मनात येण्यासारखे काही झाले का?” असे विचारले तर कधी घरातले लग्न निघते, कधी न मिटलेले कर्ज, कधी वेदनेची भीती. वेदनेची भीती असेल तर आकड्यापेक्षा वेदनाशमनाविषयी बोलणे गरजेचे असते. आकडा हवाच असेल तर एकच संख्या सांगू नये, कारण ती सांगितली की रुग्ण कॅलेंडरवर खूण करतो. अंदाज टप्प्यात सांगावा : अशा स्थितीतील बऱ्याच जणांना किती काळ मिळतो, काहींना त्याहून बराच अधिक मिळतो, आणि काहींच्या बाबतीत तो कमीही असतो. ‘तुम्हाला अधिक काळ मिळावा असे मलाही वाटते, पण स्कॅन पाहून मला काळजी वाटते’ या वाक्यात आशा आणि सत्य दोन्ही शेजारी उभी राहतात. आपण परिचारिका म्हणून आकडा सांगू नये, पण “हा प्रश्न उद्या डॉक्टरांना विचारायचा का? मी तिथे थांबेन” असे म्हणावे आणि तो डॉक्टरांच्या कानावर घालावा.

प्रश्न : मी एका रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळावर आहे. अशा प्रशिक्षणावर खर्च करण्यापूर्वी, त्याचा रुग्णांना खरोखर फायदा होतो याचा पुरावा मला हवा आहे.

उत्तर : पुरावा संमिश्र आहे. कर्करोगाशी संबंधित १७ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार डॉक्टर आणि परिचारिकांचे बोलणे सुधारते, मोकळे प्रश्न आणि सहानुभूती वाढते, पण रुग्णांच्या मानसिक स्थितीत किंवा समाधानात ठोस फरक सिद्ध झालेला नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत शिकाऊ डॉक्टर आणि परिचारिकांवर झालेल्या मोठ्या चाचणीत तर प्रशिक्षणानंतर रुग्णांनी दिलेले गुण वाढले नाहीत, आणि रुग्णांच्या नैराश्याचे गुणांक किंचित वाढले. दुसरीकडे, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत कर्करोगतज्ज्ञांना त्यांच्याच रुग्णांशी झालेल्या संभाषणांची ध्वनिमुद्रणे ऐकवून संगणकाद्वारे शिकवले गेले, तेव्हा त्यांच्यावरचा रुग्णांचा विश्वास वाढला.

मला यातून एवढे दिसते की एकदाच शिबिर घेऊन फोटो काढण्यावर पैसा घालू नये. पहिल्या उत्तरातील ब्रिटिश डॉक्टरांची वर्षभरानंतर पुन्हा तपासणी झाली, तेव्हा प्रश्न विचारण्यातली सुधारणा टिकली होती आणि रुग्णाला मध्येच तोडणे आणखी कमी झाले होते, पण सहानुभूतीचे उद्गार ओसरले होते. म्हणून काही महिन्यांनी उजळणी, प्रत्यक्ष संभाषणांच्या (रुग्णाच्या संमतीने घेतलेल्या) ध्वनिमुद्रणांवर चर्चा, आणि सर्वांत आधी विभागप्रमुखांचा सहभाग यांवर खर्च करावा. विभागप्रमुख वर्गात बसले नाहीत तर कनिष्ठ डॉक्टर शिकलेले सगळे पहिल्याच राऊंडला गुंडाळून ठेवतात. आणि बातमी सांगण्यासाठी दार बंद होणारी एक खोली द्यावी. तिला फार पैसे लागत नाहीत.

प्रश्न : डॉक्टर शिकतील तेव्हा शिकतील. तोवर आम्ही रुग्णांनी काय करावे?

उत्तर : भेटीआधी प्रश्न कागदावर लिहून न्या आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न सर्वांत वर ठेवा. कागद डॉक्टरांना सुरुवातीलाच दाखवा, निघताना नाही. सोबत एक माणूस असू द्या आणि त्याचे काम फक्त लिहून घेणे एवढेच ठेवा. परवानगी घेऊन बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित केले तर घरी शांतपणे पुन्हा ऐकता येते. शेवटी ‘समजले ना?’ असे डॉक्टरांनी विचारले तर ‘हो’ म्हणून उठू नका. “मला काय समजले ते माझ्या शब्दांत सांगतो, चुकले तर दुरुस्त करा,” असे म्हणा आणि सांगा.